बँकांचं मत, आमची उधारी

बिरवाडीकडे माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. महाड एमआयडीसीतल्या केमिकल कारखान्यांच्या पाइपलाइनी, रेलिंग, टाक्यांचे स्टँड ही आमची कामं. वेल्डर बहुतेक पोलादपूरकडचे. एक कारखाना दिवाळखोरीत गेला आणि आमची तीनेक लाखांची बिलं आत अडकली. पोरांची मजुरी मी पदरची भागवली. ‘सीओसी’ हा शब्द तेव्हाच कानावर पडला.

सीओसी म्हणजे कर्ज देणाऱ्यांची समिती. २०१६च्या दिवाळखोरी कायद्याखाली एनसीएलटीने, म्हणजे कंपन्यांच्या न्यायाधिकरणाने, अर्ज दाखल करून घेतला की संचालक मंडळाचे अधिकार थांबतात. नेमलेला अधिकारी कारभार हाती घेतो, सगळ्यांचे दावे गोळा करतो आणि ही समिती बसवतो. कारखाना कुणाच्या हाती द्यायचा, कितीला, की मोडीत काढायचा, हे मग समितीच ठरवते. मताचं वजन कर्जाच्या रकमेवर. कारखाना घेणाऱ्याची योजना मंजूर व्हायला ६६ टक्के मतं लागतात. तेवढं कर्ज एकाच बँकेचं असेल तर बैठक कसली, तिचाच शब्द!

माल किंवा काम पुरवणारे समितीत नसतात. सगळ्यांची मिळून थकबाकी एकूण देण्याच्या निदान १० टक्के असेल, तर आमचा एक प्रतिनिधी बैठकीला बसतो. मत नाही, चहा मिळतो. हा भेद सुप्रीम कोर्टाने २०१९मध्ये वैध ठरवला: धंदा जगेल की नाही याची पारख कर्ज देणाऱ्याला असते, असा त्यामागचा विचार. मला तो अर्धाच पटतो. कोणत्या कारखान्याचं बिल लांबायला लागलंय हे आम्हाला बँकेच्या आधी कळतं.

कायद्याने या योजनेत आम्हाला निदान कारखाना मोडीत निघाल्यावर मिळालं असतं तेवढं द्यावंच लागतं. पण मोडीत तारणवाल्या बँका आणि कामगारांचा २४ महिन्यांपर्यंतचा थकीत पगार पुढे. आमच्यापर्यंत बहुधा काही पोचतच नाही.

तरी मोडीपेक्षा विक्री बरी. आपल्याच जिल्ह्यात खोपोलीची उत्तम गाल्वा स्टील २०२०मध्ये या प्रक्रियेत गेली, २०२२मध्ये आर्सेलरमित्तल-निप्पॉनच्या गटाकडे आली. धुराडं चालू राहिलं तर पुढची ऑर्डर तरी मिळते.

माझ्यासारख्या छोट्या ठेकेदारांना एवढंच सांगतो: दाव्यांची जाहीर नोटीस मराठी पेपरातही येते, ती चुकवू नका. पीओ (खरेदीची ऑर्डर), चलन, बिलं जोडून दाव्याचा ‘फॉर्म बी’ मुदतीत भरा. आणि उद्यम नोंदणी करून ठेवा; लघुउद्योगांच्या कायद्याने बिल ४५ दिवसांत मिळायला हवं, त्यापुढे उधारी तुंबू देऊ नका.