शिळ्या उसातला चिकटा

मोहने गावच्या एनआरसी कारखान्यात वर्षानुवर्षं रेयॉन बनत असे. रेयॉन म्हणजे सेल्युलोज, ग्लुकोजची लांबच लांब साखळी. वेगळ्या जोडणीची अशीच साखळी, डेक्स्ट्रान, ल्युकोनोस्टॉक हा लॅक्टिक आम्ल करणारा जिवाणू तोडून ठेवलेल्या उसात बनवतो. इडलीच्या पिठात आढळतो तोच हा. त्याचं डेक्स्ट्रानसुक्रेज हे विकर, म्हणजे एन्झाइम, पेशीबाहेरच साखरेचा रेणू फोडतं, फ्रुक्टोज सोडून देतं आणि ग्लुकोज साखळीला जोडतं. विलक्षण गोष्ट अशी, की जोडणीची ऊर्जा त्या तुटलेल्या बंधातूनच मिळते! मग रस बुळबुळीत होतो, गाळण्या तुंबतात, साखरेचे दाणे लांबट पडतात. तोडलेला ऊस गाडीतळावर ताटकळत ठेवणं म्हणूनच महागात पडतं. शुद्ध केलेलं डेक्स्ट्रान मात्र रक्तस्राव झालेल्या रुग्णांना शिरेतून दिलं गेलं आहे.