हामर्सहोय : द पोएट्री ऑफ सायलेन्स

'हामर्सहोय : द पोएट्री ऑफ सायलेन्स' (अर्थ : निःशब्दतेचे काव्य) हे डॅनिश चित्रकार विल्हेल्म हामर्सहोय (१५ मे १८६४ – १३ फेब्रुवारी १९१६) यांच्या चित्रांचे प्रदर्शन होते. २००८ साली ते लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ आर्ट्समध्ये व त्यानंतर टोकियोच्या राष्ट्रीय पाश्चात्त्य कला संग्रहालयात भरले. रिकाम्या खोल्या, निर्मनुष्य इमारती आणि ओसाड वाटणारी निसर्गदृश्ये हे हामर्सहोय यांचे विषय होत.

पार्श्वभूमी

हयातीत युरोपभर नाव मिळवलेले हामर्सहोय मृत्यूनंतर मागे पडले. आधुनिक कलेच्या प्रवाहात त्यांची करडी, संथ चित्रे जुन्या वळणाची ठरली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस पॅरिस व न्यूयॉर्क येथील प्रदर्शनांनी त्यांच्याकडे पुन्हा लक्ष वेधले.

अंतर्दृश्ये

१८९८ ते १९०९ या काळात हामर्सहोय पत्नी इडा यांच्यासह कोपनहेगनमधील स्ट्रांडगेड ३० या सतराव्या शतकातील घरात राहत. तेथील खोल्या त्यांनी पुनःपुन्हा रंगवल्या. त्या काळच्या सुखवस्तू डॅनिश घरांत पडदे, गालिचे, तसबिरी आणि कुंड्यांची दाटी असे. हामर्सहोय यांनी ती चित्रांतून वगळली. त्यामुळे ही रिक्तता घराची हुबेहूब नोंद मानता येत नाही. ती चित्रकाराने योजलेली आहे. 'सूर्यकिरणांत नाचणारे धूलिकण' (१९००) या चित्रात एक खिडकी, तिच्यातून तिरका उतरणारा प्रकाश व एक बंद दार, एवढेच आहे. दाराला मूठही नाही. पाहणारा खोलीत आहे खरा, पण त्याला बाहेर पडण्याची वाट दिसत नाही. ज्या चित्रांत इडा आहेत, त्यांतही त्या बहुधा पाठमोऱ्या असतात, आणि त्यामुळे खोली अधिकच एकाकी भासते. इडा यांचे बंधू पीटर इल्स्टेड हेही अंतर्दृश्येच रंगवीत. मात्र त्यांच्या खोल्यांत मुले वावरतात व ऊब जाणवते. दोघांची चित्रे शेजारी ठेवून पाहिली की हामर्सहोय यांचे वेगळेपण लगेच ध्यानात येते.

या चित्रांची तुलना सतराव्या शतकातील डच चित्रकार व्हर्मिर यांच्या चित्रांशी वारंवार केली जाते. प्रकाशापुरती ती योग्य आहे. परंतु व्हर्मिर यांच्या खोल्यांत काहीतरी घडत असते, येथे बहुधा काहीच घडत नाही.

इमारती व निसर्गदृश्ये

हामर्सहोय यांनी लंडनमध्येही अनेकदा मुक्काम केला. १९०५-०६ च्या हिवाळ्यात त्यांनी ब्रिटिश म्युझियमच्या परिसराची चित्रे काढली. एवढ्या गजबजलेल्या शहरातही त्यांच्या रस्त्यांवर कोणी नाही. लोखंडी कुंपण, धुके आणि फिकट आकाश तेवढे दिसते. झीलंड बेटावरील लायर परिसराच्या १९०५ मधील निसर्गदृश्यात क्षितिज अगदी खाली असून वरचा सारा अवकाश ढगांनी व्यापला आहे. तेथेही माणूस वा घर ठळकपणे समोर येत नाही. खोल्यांप्रमाणेच निसर्गदृश्यांतही त्यांनी करड्या, तपकिरी व मंद हिरव्या छटांपलीकडे फारसे रंग वापरलेले नाहीत.