बेटांच्या वाटेवर : त्रिनिदादचे किनारे

गेल्या आठवड्यात आपण बार्बाडोसच्या पांढऱ्या वाळूवर होतो. तसंच तळ दिसणारं निळंशार पाणी मिळेल, या आशेनं त्रिनिदादला जाल तर हिरमोड होईल. हे बेट मुळात दक्षिण अमेरिकेपासून तुटलेला तुकडा; व्हेनेझुएला सर्वांत जवळच्या ठिकाणी जेमतेम ११ किलोमीटरवर. ओरिनोको नदी समुद्रात लोटते तो गाळ या बेटाला येऊन भिडतो, म्हणून दक्षिण-पश्चिमेचं पाणी गढूळ. इथले किनारे पाहुण्यांसाठी सजवलेले नाहीत, ते तिथल्या माणसांचे आहेत. आणि मला ते त्यासाठीच आवडतात.

पोहायचं असेल तर उत्तरेला माराकास. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकनांनी बांधलेला घाटरस्ता जंगलातून चढतो आणि एकदम खाली अर्धचंद्राकृती किनारा दिसतो. रविवारी सगळं पोर्ट ऑफ स्पेन इथं लोटतं. तळलेल्या फुगीर पावात तळलेला मासा घालून देतात, मग कोथिंबिरीसारख्या चवीच्या चाडोबेनी पाल्याची हिरवी चटणी, चिंचेचं आंबटगोड पाणी, लसूण, मिरची आपल्या हातानं घालून घ्यायची. मूळ पदार्थ शार्कचा. पण शार्क जगभर घटत चाललेत, तेव्हा किंगफिश मागा. आपली सुरमई त्याच कुळातली.

राजधानी पोर्ट ऑफ स्पेनमध्ये क्वीन्स पार्क ओव्हल हे क्रिकेटचं मैदान चुकवू नका. मार्च १९७१मध्ये वाडेकरांच्या भारतीय संघानं वेस्ट इंडीजला पहिल्यांदा हरवलं ते इथंच. मडगावच्या दिलीप सरदेसाईंचं शतक आणि पहिलीच कसोटी खेळणाऱ्या गावसकरांची दोन अर्धशतकं, मराठी माणसाला या मैदानात परकं वाटूच शकत नाही.

पश्चिमेच्या त्या गढूळ पाण्यातच वॉटर्लूचं मंदिर उभं आहे. ३० मे १८४५ला ‘फातेल रझाक’ जहाजातून गिरमिटिये, म्हणजे करारानं आणलेले भारतीय मजूर, या बेटावर उतरू लागले. शिवदास साधू त्याच परंपरेतले ऊसमजूर. साखर कंपनीच्या जागेत बांधलेलं त्यांचं देऊळ १९५२मध्ये पाडलं गेलं, वर त्यांना तुरुंगवास आणि दंड. मग त्यांनी समुद्रातच भर घालायला घेतली. सायकलवरून दगड-सिमेंट वाहत, भरती-ओहोटीशी झुंजत, एकट्यानं, वर्षानुवर्षं. आज तिथवर बांधीव वाट जाते. ओहोटीला गेलात तर चिखलात रोवलेले झेंडे आणि अंत्यविधीची राख दिसते. शेजारीच स्मशान आहे. बेटावर एकच जागा पाहायची असेल तर मी ही सांगेन.

पूर्वेच्या मॅन्झानियाला नारळीबनाचा रस्ता मैलोगणती चालतो, मात्र अटलांटिकच्या ओढीत पोहायला उतरू नये.

मार्च ते ऑगस्टमध्ये गेलात तर ईशान्येच्या ग्रां रिव्हिएरला रात्रीचा मुक्काम करा. तीन-चारशे किलोंच्या लेदरबॅक कासविणी वाळूत अंडी घालायला येतात. पूर्वी मांसासाठी त्यांना मारत. आता गावकरीच राखण करतात. परवाना घ्यावा लागतो, सोबत वाटाड्या असतो, पांढरा प्रकाश चालत नाही. मोबाइल खिशातच ठेवावा.

पोर्ट ऑफ स्पेनहून फेरी टोबॅगोला जाते. निळं पाणी तिथं आहे. पुढचा भाग त्यावरच.