खिशातला फोन आणि खिशातले पैसे

मोबाईल या विषयावर लिहायचे म्हटले की आपल्याकडे दोनच सूर लागतात. एक कौतुकाचा : 'विज्ञानाने जग मुठीत आणले.' दुसरा तक्रारीचा : 'तरुण पिढी बिघडली.' वक्तृत्व स्पर्धेच्या निमित्ताने हे दोन्ही सूर आपण पुष्कळ ऐकले आहेत. मला येथे वेगळाच प्रश्न मांडायचा आहे. केवळ धनवंतांसाठी आलेली ही वस्तू अवघ्या पंधरा-वीस वर्षांत ऊसतोड मजुराच्या कोपीपर्यंत पोहोचली कशी? 'फोन स्वस्त झाले म्हणून' असे उत्तर कोणीही देईल. ते खोटे नाही. पण ते अपुरे आहे.

थोडे मागे जाऊ. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीला केंद्रीय दळणवळण मंत्री सुखराम यांच्याशी मोबाईलवरून संभाषण केले. भारतातील मोबाईल सेवेचा तो आरंभ. त्या काळी बोलण्याचा दर वेळेनुसार मिनिटाला ८ ते १६ रुपयांच्या घरात होता. विशेष म्हणजे आलेला फोन घेतला तरी पैसे पडत. म्हणजे दुसऱ्याने आपली आठवण काढली, तर भुर्दंड आपल्याला! अशी वस्तू गरिबाने खिशात बाळगावी तरी कशाला?

मग चित्र पालटले ते कशामुळे? मला त्याची तीन कारणे दिसतात.

पहिले कारण तांत्रिक आहे. जुन्या फोनला प्रत्येक घरापर्यंत तार न्यावी लागे. डोंगरातल्या दहा घरांच्या वस्तीसाठी खांब आणि तारा कोण टाकणार? मोबाईलमध्ये सगळा प्रदेश लहान लहान भागांत वाटलेला असतो. या भागाला 'सेल' म्हणतात. प्रत्येक भागासाठी एक मनोरा असतो आणि त्याच्या टापूतल्या सर्वांना तो सेवा देतो. एका भागात वापरलेल्या रेडिओ लहरी थोड्या अंतरावरच्या दुसऱ्या भागात पुन्हा वापरता येतात. त्यामुळे मोजक्या लहरींवर लाखो लोक बोलू शकतात. वाडा असो की पाल, मनोऱ्याला भेद कळत नाही.

दुसरे कारण व्यवहाराचे. घरच्या फोनसाठी अर्ज करा, अनामत भरा, वाट पाहा आणि मग महिन्याचे बिल, असा प्रकार होता. रोजंदारीच्या माणसाला महिन्याचे बिल हा शब्दच परका. प्रीपेडने ही अडचण दूर केली. आमच्याकडे तेल-साखर जशी हातात पैसे येतील तशी सुटी आणतात, तसेच बोलणेही सुटे विकत मिळू लागले. दहा रुपये असले तर दहाचे, नसले तर आज काहीच नाही.

तिसरे कारण मात्र मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. ते आहे नियमाचे. २००३ साली येणारे फोन मोफत झाले. जो फोन लावील, त्यानेच पैसे द्यायचे. या एका बदलाने ज्याच्याजवळ दमडी नाही, त्यालाही फोन बाळगण्यात अर्थ उरला. २००५ च्या अखेरीस तर एकदाच ठराविक रक्कम भरून 'आजीवन' येणारे फोन घेण्याच्या योजना निघाल्या. 'मिस्ड कॉल' ही आपल्या लोकांची युक्तीही यातूनच फोफावली. आमच्या घरी एक घंटी म्हणजे 'सुखरूप पोहोचलो' आणि लागोपाठ दोन म्हणजे 'तिकडून फोन करा', असा संकेत होता. निरोप पोहोचे, पैसा लागत नसे.

याच २००३ साली नोकियाचा ११०० हा फोन आला. धुळीत टिकणारा, विजेरी असलेला. जगभर त्याचे २५ कोटींहून अधिक नग खपले. भारनियमनाने गांजलेल्या खेड्याला विजेरीचे मोल वेगळे सांगायला नको.

फोनने गरिबाचे हित झाले का? याचे एक उत्तर केरळात सापडते. १९९७ ते २००१ या काळात उत्तर केरळच्या किनाऱ्यावर मोबाईल आला. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने तेथील तारली मासळीच्या बाजाराचा अभ्यास केला आणि तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. पूर्वी एका किनाऱ्यावर गिऱ्हाइकाअभावी मासळी फेकावी लागे, तर जवळच्याच दुसऱ्या बाजारात ती मिळत नसे. मच्छीमार होडीतूनच भाव विचारू लागले, तेव्हा त्यांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला आणि ग्राहकाला मासळी ४ टक्क्यांनी स्वस्त मिळाली.

२०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे ६३ टक्के घरांत फोन होता, तर घराच्या आवारात शौचालय केवळ ४७ टक्के घरांत. विचार करण्याजोगी गोष्ट आहे!

पण नियमाने जे दार उघडले, ते नियमानेच लोटताही येते. २०१८ च्या अखेरीस मोठ्या खासगी कंपन्यांनी दर २८ दिवसांना किमान ३५ रुपयांचे रिचार्ज सक्तीचे केले. ते न केल्यास काही दिवसांनी येणारे फोनही बंद. पुढे ही रक्कम वाढतच गेली. माझे आई-अण्णा बीड जिल्ह्यातून तोडणीला जातात, ते पट्टा पडेपर्यंत परतत नाहीत. आम्ही भावंडे आजीजवळ राहतो. त्या हंगामात आजीचा बटणांचा फोन कित्येक दिवस मुका होता. फडावरून आई फोन लावी. इकडे घंटीच वाजत नसे. ज्यांना महिन्याला ३५ रुपये म्हणजे काहीच नाही, त्यांना हा बदल जाणवलाही नसेल.

शिवाय घरात फोन असणे आणि आपल्या हातात असणे यांत फरक आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ५४ टक्के स्त्रियांनीच आपण स्वतः वापरतो असा फोन असल्याचे सांगितले. आज शिष्यवृत्तीच्या अर्जाचा क्रमांकही फोनवर येतो. तो फोन भावाच्या खिशात असेल, तर बहिणीचा अर्ज त्याच्या सवडीवर अडतो. माझ्या वर्गात अशा मैत्रिणी आहेत.

डिसेंबर २०२४ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने कंपन्यांना, ज्यांना इंटरनेट नको त्यांच्यासाठी केवळ बोलणे आणि संदेश यांच्या योजना द्यायला लावल्या. हे पाऊल योग्य दिशेचे आहे. मात्र त्यात फोन घेणाऱ्यालाही आधी पैसे मोजावेच लागतात. २००३ च्या नियमातले मर्म त्यात नाही.

तेव्हा मोबाईल समाजाच्या सर्व थरांत पोहोचला तो केवळ यंत्राच्या गुणाने नव्हे. पैसे कोणी द्यायचे, हे ठरवताना एकदा गरिबाचा विचार झाला, म्हणून तो पोहोचला. यंत्रे उद्या आणखी स्वस्त होतील. नियम ठरवणाऱ्यांनी आजीच्या मुक्या फोनचाही हिशेब धरला, तरच 'सर्वांच्या हाती मोबाईल' हे शब्द खरे ठरतील.