इस्रायलची माणसं (भाग ६) : पाणी आणणारा पंतप्रधान

गेल्या आठवड्यात आपण पहिले पंतप्रधान बेन गुरियन यांच्या राजीनाम्यापर्यंत आलो होतो. जून १९६३ मध्ये त्यांची जागा घेतली लेव्ही एश्कोल यांनी. इस्रायलबाहेर हे नाव फारसं कुणाच्या तोंडी नाही. डोळ्यावरची काळी पट्टी म्हटलं की मोशे दायान आठवतात, बाई पंतप्रधान म्हटलं की गोल्डा मेयर. एश्कोल यांचं छायाचित्र पाहिलं, तर जाड फ्रेमचा चष्मा आणि काळी गोल टोपी घातलेले हे गृहस्थ एखाद्या सहकारी संस्थेचे जुने चेअरमन वाटावेत. पण बेन गुरियन यांनी जो देश उभा केला, तो लोकांना राहण्याजोगा करण्यात या माणसाचा वाटा फार मोठा आहे, असं मला मनापासून वाटतं.

त्यांचा जन्म १८९५ सालचा, युक्रेनमधल्या ओरातोव्ह गावचा. मूळ आडनाव श्कोल्निक. १९१४ साली ते पॅलेस्टाइनला आले, शेतमजुरी केली आणि १९२० मध्ये किनेरेत सरोवराच्या दक्षिणेला देगानिया बेत ही वसाहत वसवणाऱ्यांत सामील झाले. यहुदी राष्ट्राच्या चळवळीत भाषणं ठोकणारे पुष्कळ होते. विहीर कुठे खणायची, पंप कसा आणायचा आणि त्याचे पैसे कोण देणार, हे पाहणारे थोडे. एश्कोल त्या थोड्यांतले. १९३७ साली ‘मेकोरोत’ ही पाणीपुरवठा कंपनी उभी राहिली, तिच्या संस्थापकांत ते होते. कंपनीच्या पहिल्या योजना आखणारे अभियंता होते सिम्खा ब्लास. जळगावच्या केळीवाल्याला आणि नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला हे नाव ठाऊक नसेल, पण त्यांच्या शेतातलं ठिबक सिंचन आजच्या रूपात आणलं ते याच ब्लास यांनी.

जून १९६४ मध्ये इस्रायलची राष्ट्रीय जलवाहिनी सुरू झाली. किनेरेत सरोवर समुद्रसपाटीपेक्षा दोनशे मीटरहून अधिक खाली आहे. तिथलं पाणी पंपांनी डोंगरावर चढवायचं, मग उघडे कालवे, बोगदे आणि माणूस आत ताठ उभा राहू शकेल अशा १०८ इंची काँक्रीट नळांतून सुमारे १३० किलोमीटरवर तेल अविवच्या पूर्वेला न्यायचं आणि तिथून पुढे नेगेवच्या कोरड्या जमिनीवर. अर्थमंत्री असताना या कामासाठी पैसा उभा करण्याचा भार एश्कोल यांच्यावरच होता. शेजाऱ्यांच्या दृष्टीने मात्र हे जॉर्डन नदीचं पाणी पळवणं होतं. अरब राष्ट्रांनी १९६४ सालच्या कैरो परिषदेत नदीच्या उगमाकडचे प्रवाहच वळवायचं ठरवलं. सीरियाने काम सुरू केलं आणि इस्रायलने त्या यंत्रांवर तोफा डागल्या. १९६७ च्या युद्धाचं एक मूळ या पाण्यात आहे.

चहा हवा की कॉफी असं विचारलं, तर एश्कोल ‘अर्धाअर्धा’ म्हणतील, अशी थट्टा तेव्हा होत असे. तडजोडीच्या या स्वभावाने जुन्या जखमा भरल्या, हे मात्र थट्टा करणारे विसरले. झाबोतिन्स्की हे विरोधी विचारधारेचे नेते. १९४० साली न्यूयॉर्कजवळ त्यांचा मृत्यू झाला होता. त्यांच्या अस्थी देशात आणायला बेन गुरियन यांनी कायम नकार दिला. एश्कोल यांनी १९६४ मध्ये त्या मानाने आणवल्या. देशातल्या अरब नागरिकांवर १९४८ पासून लष्करी अंमल होता, परगावी जायचं तरी परवाना लागे. डिसेंबर १९६६ मध्ये तो अंमल उठला.

आणि याच माणसाच्या कारकिर्दीत कोकणातून गेलेल्या बेने इस्रायलींना न्याय मिळाला. अलिबाग, पेण, पनवेलकडची ही मराठी बोलणारी, शनिवारी घाणा बंद ठेवणारी ‘शनिवार तेली’ मंडळी. इस्रायलमध्ये आल्यावर तिथल्या मुख्य धर्मपीठाने त्यांच्या यहुदीपणावरच शंका घेतली. लग्न ठरलं की आई-आजीच्या वंशाची चौकशी व्हायची. विचार करा, गावाकडे पिढ्यान्‌पिढ्या शब्बाथ पाळणाऱ्या घरातल्या मुलीला, ज्या देशासाठी घरदार सोडलं तिथेच, तू नक्की आमची का असं विचारलं जायचं. १९६४ च्या उन्हाळ्यात या लोकांनी जेरुसलेममध्ये ठिय्या दिला. ऑगस्टमध्ये क्नेसेटची, म्हणजे संसदेची, खास बैठक भरली आणि बेने इस्रायली सर्व अर्थांनी यहुदी आहेत, त्यांच्यात आणि इतरांत काही फरक नाही, असं सरकारने ठामपणे जाहीर केलं. धर्मपीठाला आपला आदेश बदलावा लागला. धार्मिक पक्षांच्या पाठिंब्यावर चालणाऱ्या सरकारसाठी हे सोपं नव्हतं.

मग आला २८ मे १९६७. इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी सिनाईत फौजा आणल्या होत्या, तिरानची सामुद्रधुनी बंद केली होती, देश भीतीने गोठला होता. एश्कोल रेडिओवरून थेट बोलायला बसले. समोरच्या कागदावर हाताने खाडाखोड केलेली. एका दुरुस्त केलेल्या शब्दाशी ते अडले, थांबले, चाचरले. ते घराघरांत आणि सीमेवरच्या खंदकांत ऐकू गेलं. चार दिवसांत संरक्षण खातं त्यांच्याकडून दायान यांच्याकडे गेलं. ५ जूनला युद्ध सुरू झालं, सहा दिवसांत संपलं आणि श्रेय दायान यांच्या पदरात पडलं. पण ती फौज चार वर्षं घडवली होती एश्कोल यांनी. सरसेनापती राबिन यांची नेमणूक त्यांची, अमेरिकेकडून रणगाडे मिळवले तेही त्यांनीच. वॉशिंग्टनचं मन वळेपर्यंत तीन आठवडे सेनापतींचा राग सोसत थांबून राहणं, हा मला त्यांच्या आयुष्यातला सर्वांत धीराचा काळ वाटतो.

त्यांची चूक पुढे झाली. युद्धानंतर वेस्ट बँक आणि गाझा हाती आले, आणि सोबत सुमारे दहा लाख पॅलेस्टिनी. हुंडा तर हवा, पण नवरी नको, अशी ही अवस्था असल्याचं एश्कोल स्वतःच बोलून दाखवत. दुखणं त्यांना इतरांच्या आधी कळलं होतं. पण मंत्रिमंडळात दायान एकीकडे, झाबोतिन्स्कींचे अनुयायी बेगिन दुसरीकडे. इथे अर्धंअर्धं करून भागणारं नव्हतं आणि एश्कोल यांना तेवढंच जमत होतं. सप्टेंबर १९६७ मध्ये वेस्ट बँकेतल्या कफार एत्झिओन इथे पुन्हा वस्ती करायला त्यांनी परवानगी दिली. जमीन ठेवायची की परत करायची याचा निर्णय मात्र झाला नाही. २६ फेब्रुवारी १९६९ रोजी हृदयविकाराने त्यांचं निधन झालं. पदावर असताना वारलेले ते इस्रायलचे पहिले पंतप्रधान. त्यांच्या खुर्चीबरोबर तो अनिर्णित प्रश्नही गोल्डा मेयर यांच्याकडे गेला, आणि त्यांनी त्याचं काय केलं ते पुढच्या भागात पाहू.