प्रवासात एकच छोटी लेन्स पुरेल का?

मकर संक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा भरते. नंदीध्वजांच्या मिरवणुकीत इतकी गर्दी असते की बॅग उघडून लेन्स बदलणं जवळपास अशक्यच. अशा ठिकाणी 'पॅनकेक' लेन्स कामाला येते. पॅनकेक म्हणजे चपटी, हलकी आणि बहुतेक वेळा झूम नसलेली लेन्स.

उदाहरणार्थ, कॅननची ईएफ-एस २४ एमएम एफ/२.८. वजन फक्त १२५ ग्रॅम, जाडी साधारण २३ मिलिमीटर. कॅमेरा दिवसभर गळ्यात राहिला तरी जड वाटत नाही.

मग किट लेन्स का नको?

१८-५५ किट लेन्स २४ एमएमवर साधारण एफ/४ पर्यंतच उघडते. एफ/२.८ वर जवळपास दुप्पट प्रकाश आत येतो. म्हणजे संध्याकाळी १/६० ऐवजी १/१२५ शटर स्पीड वापरता येतो. किट लेन्समधलं स्टॅबिलायझेशन फक्त आपला हात हलण्यावर उपाय करतं. समोरचा माणूस चालत असेल तर शटर स्पीडच वाढवावा लागतो.

कुठे अडतं?

झूम नाही, त्यामुळे पुढे-मागे आपणच व्हायचं. भुईकोट किल्ल्यात हे जमतं. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात मात्र पक्ष्यांजवळ जाता येत नाही. तिथे टेलिफोटोच हवी.

विकत घेण्याआधी

किट लेन्सची रिंग २४ वर ठेवा आणि एक पूर्ण दिवस ती न फिरवता फोटो काढा. हात सारखा रिंगकडे गेला, तर पैसे वाचले म्हणायचे!