नोकरी सोडण्याआधी घरचा हिशोब मांडा

नोकरी सोडायची म्हटल्यावर आपल्या घरांत जे होते, तेच माझ्याही घरात झाले. आईने जेवणाचे ताट बाजूला सारले आणि म्हणाली, "पगाराची नोकरी कुणी सोडतं का पोरी? वेड लागलंय का तुला?"

आईच्या बोलण्याला कारण होते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. माझे वडील त्यांतले एक. संपानंतर त्यांना गिरणीत परत घेतले नाही. मी तेव्हा जन्मलेही नव्हते. पण त्यानंतर घरात काय झाले ते मी लहानपणापासून ऐकत आले. दादाची शाळा सातवीत सुटली. आईने चार घरची धुणीभांडी धरली. ज्या बाईने बिनपगाराचे घर चालवले आहे, तिला पगाराची किंमत कोणी शिकवायला नको.

म्हणूनच हा लेख लिहिते आहे. आज आपली शिकलेली मुले-मुली कंपन्यांत कामाला आहेत. पगार वेळेवर होतो, पण माणूस आतून संपत जातो. त्यांतल्या पुष्कळांच्या मनात येते की, हे सोडावे आणि समाजातल्या पोरांना काही शिकवावे, मार्गदर्शन करावे. विचार चांगला आहे. परंतु चांगल्या विचारानेच घरातली चूल पेटत नाही. मी काय केले, कुठे चुकले आणि आज कुठे उभी आहे, हे वाचक बंधू-भगिनींसमोर सरळ मांडते.

अकरा वर्षे आणि रोजचे ऐंशी फोन

२०११ साली मी नवी मुंबईतील एका कंपनीत लागले. काम होते गिऱ्हाइकांच्या तक्रारींचे फोन घेण्याचे. दिवसाला ऐंशी फोन, कधी त्याहून अधिक. समोरचा शिव्या देत असला तरी आपण आवाज चढवायचा नाही. पाणी प्यायला उठले तरी त्याची मिनिटे मोजली जात. एक आठवडा दिवसपाळी, तर दुसरा रात्रपाळी. घरी आल्यावर मुलगी बोलायला लागली की मी तिला म्हणायची, "थोडं गप्प बस गं." दिवसभर परक्यांचे ऐकून घेणारी बाई स्वतःच्या लेकीचे ऐकू शकत नव्हती. याची मला लाज वाटू लागली.

त्याच सुमारास, २०१९ साली, आमच्या गल्लीतल्या एका हमालाच्या मुलाला बारावी सायन्सला ७८ टक्के मिळाले. वस्तीने पेढे वाटले. पण इंजिनिअरिंगच्या राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते, त्याचा अर्ज बराच आधी करून ठेवायचा असतो, हे त्या घराला कोणी सांगितलेच नव्हते. मुदत टळली, जागा गेली. पोरगा गोदामात कामाला लागला. त्याच्याजवळ बुद्धी होती, मेहनत होती. नव्हता तो फक्त सांगणारा माणूस.

मी रोज ऐंशी अनोळखी लोकांना त्यांचे बिल समजावून सांगत होते, आणि माझ्या गल्लीतल्या पोराला एक अर्ज समजावून सांगणारे कोणी नव्हते. तेव्हाच मनाने घेतले की, आपण हे काम करायचे.

अठरा हजारांची शिकवण

पहिली चूक मी लगेचच केली. 'लाईफ कोच व्हा, नोकरीच्या गुलामीतून सुटा' अशी एक जाहिरात मोबाईलवर आली. हॉटेलात दोन दिवसांचे शिबिर होते. फी अठरा हजार. घरी न सांगता भरली. दोन दिवस टाळ्या वाजवल्या, ओरडून घोषणा दिल्या, शेवटी एक प्रमाणपत्र मिळाले. घरी येऊन वही उघडली तेव्हा लक्षात आले की, पोराला अर्ज कसा भरायला लावायचा, घाबरलेल्या मुलीला मुलाखतीला कसे तयार करायचे, यातले त्यात काहीच नव्हते. पुढची माणसे अशाच शिबिराला कशी आणायची, एवढेच त्यांनी शिकवले होते.

आईला कळले तेव्हा तिने एकच प्रश्न विचारला, "त्या कागदावर कोण तुला कामाला ठेवणार?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. आपल्या देशात लाईफ कोच होण्यासाठी कोणताही सरकारी परवाना लागत नाही. म्हणजेच असा कागद कोणीही छापू शकतो. तुम्हांला एखादा विषय खरोखर येतो का, आणि तो शिकून चार जणांचे काही भले झाले का, हाच खरा दाखला. पैसे भरण्याआधी दहा पोरांना फुकट शिकवून पाहा.

बाबासाहेबांनी काय केले?

बाबासाहेबांच्या चरित्रातली ही बाजू आपण फारशी बोलत नाही. १९१७ साली बडोद्याची नोकरी त्यांना अपमान सोसून सोडावी लागली. मुंबईत त्यांनी शिकवण्या केल्या, शेअरबाजाराचा सल्ला देण्याचा धंदाही काढला. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले आणि तो धंदा बुडाला. १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. त्या पगारातून शिल्लक टाकून १९२० साली अर्धे राहिलेले शिक्षण पुरे करायला पुन्हा लंडनला गेले. परत आल्यावर वकिली आणि चळवळ चालू असतानाच १९२५ ते १९२८ या काळात बाटलीबॉय अकौन्टन्सी इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी व्यापारी कायदा शिकवला.

एवढा मोठा माणूस, पण घर कशावर चालेल याचा विचार त्यांनाही करावा लागला. नोकरीचा त्यांनी पायरीसारखा उपयोग केला. मग आपण भावनेच्या भरात राजीनामा का फेकावा?

चौदा महिने दोन्ही दगडांवर पाय

यजमान अंबरनाथच्या एका कारखान्यात आहेत. त्यांचा पगार १९,०००, माझा हातात येणारा ३१,०००. एका रविवारी आम्ही दोघे वही घेऊन बसलो. घराचा हप्ता, मुलीची फी, किराणा, गॅस, वीज, औषधे, लग्नकार्याचा आहेर, सगळे लिहिले. काटकसर करून महिन्याला ३४,००० लागणार होते. म्हणजे माझा पगार थांबला की दरमहा १५,००० ची तूट. वर्षाची तूट १,८०,०००.

ठरवले की, एका वर्षाची तूट हातात आल्याशिवाय राजीनामा द्यायचा नाही. मी चौदा महिने नोकरी करत दर महिन्याला सहा हजार बाजूला टाकले. ते झाले ८४,०००. उरलेले ग्रॅच्युइटीतून येणार होते. हा हिशोब प्रत्येक कामगाराला यायला हवा. नियमित नोकरीची सलग पाच वर्षे झाली की राजीनामा दिला तरी ग्रॅच्युइटी मिळते. मी नोकरी सोडली तेव्हाच्या नियमाप्रमाणे शेवटचे मूळ वेतन व महागाई भत्ता यांना २६ ने भागायचे, १५ ने गुणायचे आणि त्याला नोकरीच्या वर्षांनी गुणायचे. माझे मूळ वेतन १५,६००. २६ ने भागले तर ६००, त्याचे पंधरा पट ९,०००, आणि अकरा वर्षांचे ९९,०००. ही रक्कम तीस दिवसांच्या आत द्यावी असा कायदा आहे. दोन्ही मिळून १,८३,००० झाले. तूट भरून निघाली.

प्रॉव्हिडंट फंडाला मी हात लावला नाही. पाच वर्षांच्या आत तो काढला तर कर लागतो, हे अनेकांना माहीत नसते. आणि पेन्शन योजनेत दहा वर्षे भरली असतील तर ५८ व्या वर्षापासून पेन्शनचा हक्क राहतो. साडेनऊ वर्षांवर नोकरी सोडणाऱ्याने सहा महिने थांबावे, एवढेच सांगते.

दुसरी गोष्ट आजारपणाची. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो. यजमानांचा पगार २१,००० च्या आत असल्यामुळे त्यांच्या ईएसआयमध्ये मी आणि मुलगी बसलो. ज्यांच्या घरी अशी सोय नाही त्यांनी राजीनाम्याआधी स्वतःचा विमा घ्यावा. शुगर, बीपीसारख्या जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. म्हणून हे काम शेवटच्या दिवसावर ढकलू नये.

"समाजाच्या पोरांकडून पैसे घेणार?"

या चौदा महिन्यांत मी दर रविवारी विहाराच्या सभागृहात वर्ग घेतला. दहावी झालेल्या मुलांना पुढच्या वाटा सांगायच्या, कागदपत्रांची यादी करून द्यायची, मुलाखतीचा सराव घ्यायचा, फोनवर इंग्रजीत चार वाक्ये न घाबरता बोलायला शिकवायचे. कंपनीत अकरा वर्षांत जे शिकले ते इथे कामी आले. २०२२ साली राजीनामा दिला आणि भाड्याची खोली घेतली. विहारात फी घेऊन वर्ग चालवायचा नाही, हे मीच ठरवले होते.

तरीही वस्तीच्या बैठकीत एक वडीलधारे काका उठून म्हणाले, "ताई, समाजाच्या पोरांकडून पैसे घेणार? मग त्या क्लासवाल्यांत आणि तुमच्यात फरक काय?"

मला बोलवेना. घरी येऊन रडले. दोन दिवसांनी काकांच्या घरी गेले आणि वही त्यांच्यापुढे ठेवली. खोलीचे भाडे ४,५००. बावीस मुले, त्यांतली पाच फुकट, सतरा जणांचे दरमहा ५०० प्रमाणे ८,५००. भाडे गेले की माझ्या हातात ४,०००. काकांनी आकडे दोनदा पाहिले. म्हणाले, "यात तुझं घर कसं चालतं?" मी म्हटले, "अजून चालत नाही, काका. पण फी घेतली नाही तर सहा महिन्यांत वर्ग बंद होईल आणि मी पुन्हा फोनवर बसेन." त्यानंतर त्यांनीच आपल्या नातीला वर्गात घातले आणि तिची पूर्ण फी भरली.

खरा धडा मात्र त्या पाच मुलांनी दिला. दोन महिन्यांत त्यांतल्या तिघांनी येणे सोडले. एका मुलीच्या घरी गेले तेव्हा तिची आई म्हणाली, "ती फुकट बसते म्हणून बाकीच्या पोरी बघतात. तिला नको वाटतं." ऐकून मी गप्प झाले. आपण मदत केली, पण मान राखला नाही. तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या तारखेला प्रत्येक मूल बंद पाकीट देते. कोणाच्या पाकिटात पूर्ण फी असते, कोणाच्या पन्नास रुपये, कोणाचे रिकामे. ते मला एकटीलाच कळते. ती मुलगी परत आली.

थोडे कागदोपत्री

लहान वर्ग काढायला फार कागद लागत नाहीत. उद्यम नोंदणी आधार कार्डावर ऑनलाईन होते, ती विनामूल्य आहे. तिच्यासाठी एजंटाला पैसे देऊ नका. मोजकेच कामगार असतील तर महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने कायद्याप्रमाणे फक्त सूचना द्यावी लागते. सेवेची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटीची नोंदणी लागत नाही. टेबल-खुर्च्यांसाठी कर्ज हवे असेल तर मुद्रा योजनेत ५० हजारांपर्यंतचे शिशु कर्ज तारणाशिवाय मिळते. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या जिल्हा कार्यालयातही चौकशी करावी. पण पहिल्या वर्षी कर्ज न काढता चालले तर उत्तम.

केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये पन्नासपेक्षा जास्त विद्यार्थी असलेल्या कोचिंग वर्गांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. यशाची हमी देणारी जाहिरात करू नये, शिकवणारा किमान पदवीधर असावा, मुलाने मध्येच वर्ग सोडला तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी, असे त्यांत आहे. माझ्याकडे आज ४६ मुले आहेत. तरीही फी परत करण्याचा नियम मी पाळते. गरिबाच्या पाचशे रुपयांवर आपला हक्क काम केल्याशिवाय होत नाही.

आणि जे आपल्याला येत नाही ते येत नाही म्हणून सांगावे. स्पर्धा परीक्षेची तयारी मला शिकवता येत नाही. त्या मुलांना मी पुण्याच्या बार्टी संस्थेच्या प्रशिक्षणाची माहिती देते आणि अर्ज भरून देते.

आज काय आहे?

खरे ते सांगते. फी आता ६०० आहे. ३८ मुले ती पूर्ण देतात, म्हणजे २२,८००. भाडे ५,००० आणि वीज-कागदाचे १,८०० गेले की १६,००० उरतात. सुट्टीच्या दिवसांत मुलाखतीची वेगळी तुकडी लागली तर थोडे अधिक. कंपनीच्या पगाराच्या हे निम्मेच आहे. नवी साडी दिवाळीलाच. पण रात्री झोप लागते, आणि लेक बोलायला लागली की मी ऐकते. गेल्या वर्षी वर्गातल्या नऊ मुलांचे वैधता प्रमाणपत्राचे अर्ज मुदतीच्या आधी गेले. त्या हमालाचा धाकटा मुलगा त्यांतच होता.

नोकरी सोडा असे मी कोणालाही सांगणार नाही. ज्याच्या एकट्याच्या पगारावर घर आहे, ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे, त्याने नोकरी ठेवूनच रविवारचा वर्ग घ्यावा. त्याचे मोल कमी नाही. आणि सोडायचीच असेल तर आधी घरातल्या माणसांसमोर वही उघडा. त्यांना भीती का वाटते, ते समजून घ्या.

आई आजही दर महिन्याच्या एक तारखेला विचारते, "पगार झाला का गं?" मी "झाला" म्हणते. मग ती आकडा विचारते, आणि मी तिला खरा आकडा सांगते.